रेकॉर्ड लावतात की वाजवतात?

एक मैत्रीण ग्रँडमास्टर फ्लॅश या अमेरिकी डीजेवरच्या लेखाचं मराठी करते आहे. तिनं विचारलं, "'टर्नटेबलिस्ट'ला, म्हणजे टर्नटेबल हे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र वाद्यासारखं वाजवणाऱ्याला, काय म्हणू? 'तबकडीवादक' लिहिलं तर लोक हसतील का? आणि मूळ लेखात तो रेकॉर्ड 'प्ले' करतो असं जागोजागी आलंय. तिथं 'लावतो' म्हणू की 'वाजवतो'?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

आपण रेकॉर्ड लावतो. रेडिओ लावतो, टीव्ही लावतो, कॅसेट लावायचो, आता मोबाइलवर गाणं लावतो. तबला, पेटी, सनई मात्र वाजवतो. यात पहिलीतलं पोरसुद्धा चुकत नाही. लावणाऱ्याचं काम सुरू करून देण्यापुरतं, पुढं तो चहा करायला गेला तरी चालतं. वाजवणाऱ्याचा हात थांबला की आवाज थांबला. (तबलाही 'लावतात', पण तो सुरात, हातोडीनं ठोकून, मैफलीच्या आधी. तिथंही लावणं आधी आणि वाजवणं नंतरच.) इंग्रजीत दोन्हीकडे 'प्ले'. म्हणून फरक दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांना 'टर्नटेबलिस्ट' हे वेगळं नाम घडवावं लागलं. आपल्याकडे ते काम क्रियापदच करतं.

आमच्या घरी आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर होता. नियम एकच: रेकॉर्ड लावायची, पण तिला हात लावायचा नाही. कडेनं दोन तळव्यांत धरायची, आरतीचं तबक धरावं तशी. चऱ्यांना बोट लागलं की आजोबा नुसतं बघायचे, तेवढं पुरायचं. फ्लॅशच्या घरीही हेच. त्याचं खरं नाव जोसेफ सॅडलर, जन्म 1958 चा, बार्बाडोसचा, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. वडिलांच्या रेकॉर्डींना हात लावायची त्याला सक्त मनाई होती. मोठा होऊन त्यानं नाव काढलं ते रेकॉर्डीच्या ऐन चऱ्यांवर बोटं ठेवून.

त्याच्या आधी ब्राँक्समध्ये कूल हर्कचं नाव होतं. हर्क मूळचा जमैकाचा. 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अॅव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत त्यानं बहिणीच्या पार्टीत गाणी लावली, तिथून हिप हॉप या संगीतप्रकाराचा जन्म धरतात. नाचणारी मंडळी गाण्यातल्या एका ठरावीक जागेची वाट बघतात, हे त्यानं हेरलं होतं. गाणारे आणि बाकीचे वाजवणारे गप्प होतात आणि नुसता ड्रमचा ठेका उरतो, ती जागा. ती असते मोजक्या सेकंदांची. म्हणून हर्क एकाच गाण्याच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायचा आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा. मात्र सुई अंदाजानं टेकवायची असल्यामुळे सांधा कुठं ना कुठं उघडा पडायचा.

फ्लॅश व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला हा अंदाजपंचे कारभार खपेना. त्यानं रेकॉर्डीवर खडूनं खूण केली आणि ती घड्याळाच्या काट्यासारखी वाचायला लागला. मिनिटाला 33⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. समजा तुकडा 9 सेकंदांचा आहे, तर त्यात बरोबर पाच फेरे बसतात. एक प्रत वाजत असताना दुसरी हातानं पाच फेरे उलटी फिरवायची, खूण जाग्यावर आली की धरून ठेवायची आणि ठेक्यावर सोडायची. तोवर पहिलीचे पाच फेरे संपलेले. मग ती उलटी. नाचणाऱ्याला तुकडा संपल्याचं कळतच नाही.

इथं मला आपला 'आवर्तन' हा शब्द फार सोयीचा वाटतो. चकतीचा फेरा म्हणजे आवर्तन, तालाचा फेराही आवर्तनच. फ्लॅशनं एकाचा हिशेब दुसऱ्याशी जुळवला. 'लूप'ला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या तुकड्याला, प्रतिशब्द शोधत हिंडण्यापेक्षा मैत्रिणीनं हा घ्यावा.

आणखी एक अडचण होती. रेकॉर्ड हातानं धरली की खालची रबरी चटई अडवणार, मोटरवर ताण येणार. फ्लॅशनं रबर काढून टाकलं आणि फेल्ट हे नमद्यासारखं कापड कापून घातलं. ते लुळं पडत होतं. आई शिवणकाम करायची, तेव्हा घरातलीच युक्ती कामी आली: फेल्टला खळ देऊन इस्त्री केली. आता खाली चकती फिरत राहते आणि वर रेकॉर्ड हाताच्या हुकमात. परीटघडीच्या कापडावर एक वाद्य उभं राहिलं म्हणायचं.

तर हा माणूस रेकॉर्ड लावत होता की वाजवत होता? हात थांबला की आवाज थांबतो ही आपली कसोटी लावली तर वाजवत होता. म्हणून 'तबकडीवादक' बरोबर आहे. हसणारे हसोत. 'तबकडी' म्हटलं की आकाशात उडणारी आठवते हे खरं, पण शब्द मुळात अरबी 'तबक'वरून आलाय, ताटलीचा आहे. रेकॉर्डीला तो शोभतो. सरकारी थाटाचा 'ध्वनिमुद्रिका' इथं नको. 'ध्वनिमुद्रिकावादक' म्हणेपर्यंत तुकडा संपेल.

'डीजे'चं मात्र सांभाळून. महाराष्ट्रात डीजे हा माणूस राहिलेलाच नाही, वस्तू झालाय. "मिरवणुकीत डीजे लावला" म्हणजे ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचली. "डीजेवर बंदी" असा मथळा वाचून कुणाला एखाद्या माणसाची कीव येत नाही. तेव्हा लेखात 'तेव्हाचा गाजलेला डीजे' लिहिलं तर निम्म्या वाचकांच्या छातीत आधी धडधडेल. पहिल्यांदा 'डीजे म्हणजे गाणी लावणारा' असं सांगून टाकावं.

एक तारखेची खोच आहे. 'टर्नटेबलिस्ट' हे बिरुद रूढ झालं ते 1995 मध्ये, बीट जंकीज या कॅलिफोर्नियातल्या गटाच्या डीजे बाबूनं ते स्वतःच्या नावामागे लावल्यावर. (बाबू ऐकून हरखू नका, गडी फिलिपिनो वंशाचा आहे.) फ्लॅशची उमेदीची वर्षं त्याच्या वीस वर्षं आधीची. तेव्हा 1976 च्या फ्लॅशच्या तोंडी "मी टर्नटेबलिस्ट आहे" घालू नये. निवेदनात 'तबकडीवादक' चालेल, संवादात 'डीजे'च.

'स्क्रॅच'बद्दल तिनं विचारलं नाही, पण अडणार तिथंच. ते फ्लॅशच्या नावावर टाकू नये. मान ग्रँड विझर्ड थिओडोरला देतात. फ्लॅशच्या जोडीदाराचा हा धाकटा भाऊ. 1975 च्या सुमारास, बारा-तेरा वर्षांचा असताना खोलीत दणक्यात गाणी लावून बसला होता. आई दारात येऊन ओरडली. ती बोलेपर्यंत यानं फिरती रेकॉर्ड हातानं धरून ठेवली, नकळत मागंपुढं केली आणि सुईखालून जो आवाज आला तो त्याला आवडला. आता याला 'चरा' किंवा 'ओरखडा' म्हणाल तर अर्थाचा अनर्थ होईल. ओरखडा म्हणजे नुकसान. इथं रेकॉर्ड बिघडवायची नसते, बोलकी करायची असते. मला डग्ग्यावरचा घिस्सा आठवतो. मनगट कातड्यावरून सरकवलं की आवाज कसा वळतो, तसं काहीसं. तरी 'घिस्सा' लिहू नये, वाचक तबल्याकडे जाईल. नाम 'स्क्रॅच' ठेवावं आणि क्रियापद 'घासणे' घ्यावं.

आपल्याकडे 'पिन अडकली' म्हणजे माणूस तेच तेच बोलतोय. फ्लॅशनं पिन हवी तिथं अडकवून दाखवली. 1981 ची त्याची 'व्हील्स ऑफ स्टील'ची रेकॉर्ड ऐकावी: सात मिनिटं, तीन टर्नटेबलं आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डींचे तुकडे. ब्लाँडी या अमेरिकी बँडच्या 'रॅप्चर' गाण्यामध्ये फ्लॅशचं नाव येतं, तर यानं तो तुकडाही उचलून आपल्या रेकॉर्डीत घातला. उलट 'द मेसेज' हे 1982 चं गाणं, ज्यामुळे जग त्याच्या गटाला ओळखतं, त्यात त्याची तबकडी नाहीच. लेखात त्या गाण्यापाशी 'वाजवलं' हे क्रियापद फ्लॅशला जोडलं असेल तर मूळ लेखकाचीच चूक आहे, ती मराठीत आणू नये.

बाकी 'प्ले'पाशी तिचं अडलेलं वाक्य मी असं करेन: "हर्क दोन रेकॉर्डी आलटून पालटून लावायचा, फ्लॅश त्या वाजवायला लागला."