पावसात इलेक्ट्रिक कारचे एबीएस, एअरबॅग आणि ब्रेकचे दिवे एकदम लागतात. स्कॅनरवर यू०१२१ आला म्हणून एबीएस मॉड्यूल बदलायला सांगितलंय. बदलू का?

इतक्यात मॉड्यूलची, म्हणजे एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सची, ऑर्डर देऊ नका. पाऊस झाला की तिन्ही दिवे लागतात, गाडी कधी कधी 'रेडी'लाच (चालायला तयार स्थितीत) येत नाही, एकदोन दिवस ऊन पडलं की सगळं आपोआप ठीक होतं, असं तुम्ही लिहिलंय. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. एवढ्या वर्णनावरून माझा पहिला संशय कनेक्टर, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली परतीची वायर) आणि १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर जातो. मॉड्यूलचा नंबर त्यानंतर लागतो.

यू०१२१ म्हणजे 'एबीएसशी संपर्क तुटला'. हा कोड एबीएस स्वतः नोंदवत नाही. एबीएसच्या संदेशाची वाट पाहणारं दुसरं मॉड्यूल तो नोंदवतं. हजेरी घेताना मुलाने 'हजर' म्हटलं नाही तर बाई गैरहजेरी मांडतात. मूल आजारी आहे की ओढ्याला पाणी आल्यामुळे घरीच अडकलंय, हे हजेरीपटावर दिसत नाही. तुमच्याकडे सध्या आहे तो फक्त हजेरीपट.

म्हणून आधी सगळ्या मॉड्यूलचा पूर्ण स्कॅन करून घ्या, आणि तो होईपर्यंत कोड कुणालाही पुसू देऊ नका. मोटर कंट्रोलर, बॅटरी मॅनेजमेंट, एअरबॅग, स्टिअरिंग यांतल्या कुणाकुणाची तक्रार कुणाबद्दल आहे ते कागदावर मांडा. सगळ्यांचं बोट एकट्या एबीएसकडे असेल, तर दोष त्याच्याकडे जाणाऱ्या वायरीच्या फाट्यावर, सप्लायवर किंवा अर्थवर असण्याची शक्यता मोठी. सगळेच एकमेकांविरुद्ध तक्रार करत असतील, तर सगळ्या मॉड्यूल्सना जोडणारी मुख्य लाइन किंवा १२ व्होल्टची बॅटरी बघायची.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट सांगतो, कारण घाईत नेमकी हीच राहून जाते. गाडी सुकून नीट चालायला लागली की स्कॅनर एबीएसलाही जोडता येतो. तेव्हा एबीएसची स्वतःची मेमरी वाचा. 'बाकीचे ऐकू येईनात' असे कोड तिथे असतील, तर त्या वेळी एबीएस जिवंत होतं आणि तुटली होती ती लाइन. कमी व्होल्टेजचे कोड असतील तर बॅटरी, फ्यूज, अर्थ. आणि मेमरीत त्या वेळचं काहीच नसेल, तर बहुतेक सप्लायच गेला होता. वीजच नसलेलं मॉड्यूल नोंद कशी करणार?

मग मल्टीमीटर. ही मॉड्यूल्स कॅन नावाच्या दोन वायरींच्या लाइनवर बोलतात. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर सुमारे ६० ओहम मिळायला हवेत. १२० आले तर कुठेतरी लाइन तुटलीय किंवा एक टोक सुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ४० च्या आसपास आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावलाय. बाहेरून बसवलेल्या उपकरणांमुळे असं होऊ शकतं. डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनवर हे माप घेतात. पण नव्या गाड्यांत मध्ये गेटवे (संदेश पुढे पाठवणारं मधलं मॉड्यूल) असतो, आणि तिथून फक्त सॉकेट ते गेटवे एवढाच तुकडा मोजला जातो. म्हणून माप थेट एबीएसच्या प्लगवर घ्या. गाडी चालू असताना एका वायरीवर अडीच व्होल्टच्या थोडं वर आणि दुसरीवर थोडं खाली दिसायला हवं.

सप्लाय आणि अर्थ तपासताना मल्टीमीटरच्या नुसत्या कंटिन्युटीच्या (वायर जोडलेली असल्याच्या) 'बीप'वर विसंबू नका. गंजून एकच तार उरलेली वायरही बीप देते, पण एबीएसच्या पंपाचा करंट तिला पेलत नाही. लोड देऊन, म्हणजे करंट वाहत असताना, व्होल्टेज ड्रॉप (वायरीत वाया जाणारं व्होल्टेज) मोजा. अर्थवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप आला तर मी तो जोड उघडतोच. प्लगमध्ये हिरवट गंज, पाण्याचे डाग, उंदराने कुरतडलेलं इन्सुलेशन शोधा. आपल्याकडे जूननंतर हे तिन्ही सापडतात. कॅनची वायर दुरुस्त करताना दोन्ही वायरींचा पीळ कायम ठेवा. तो सुटला की इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या भागाचा) इलेक्ट्रिकल गोंगाट लाइनमध्ये शिरतो.

मॉड्यूल स्वतःहून गप्प बसतं, हेही ध्यानात ठेवा. संदेश पाठवताना चूक झाली की कॅनचा कंट्रोलर आपल्या खात्यात ८ मिळवतो आणि संदेश नीट गेला की १ वजा करतो. आकडा २५५ च्या वर गेला की तो लाइनवरून बाजूला होतो. खराब जोडापायी चांगलं मॉड्यूलही असं बंद पडतं. नवीन बसवलं तर तेही पडेल.

प्लगवर सप्लाय, अर्थ आणि कॅन तिन्ही ठीक असताना, म्हणजे बिघाड चालू असतानाच मोजून ठीक असताना, एबीएस स्कॅनरला उत्तर देत नसेल, तर मात्र मॉड्यूल बदला. त्यात कोडिंग (नवं मॉड्यूल गाडीशी जुळवणं), ब्रेक ब्लीडिंग (ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं) आणि स्टिअरिंग अँगलचं कॅलिब्रेशनही येतं. कोटेशनमध्ये ते धरलंय का ते विचारा.

'रेडी'ला न येण्याकडे वेगळं बघा, त्याचे कोड वेगळे असतात. पी०एए६ असेल तर हाय व्होल्टेजच्या इन्सुलेशनची गळती आहे आणि पी०ए०ए असेल तर इंटरलॉकची (हाय व्होल्टेजचे प्लग नीट बसलेत का ते बघणाऱ्या सर्किटची) अडचण. हे कोड आले तर विषय कॅनचा राहत नाही. तिथे फक्त प्रशिक्षित माणसाने, मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा) काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबून आणि व्होल्टेज ६० च्या खाली आल्याचं मोजूनच हात घालायचा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला तुम्ही स्वतः हात लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या प्लगमध्ये मल्टीमीटर घालायचा नाही. ओहम मोजताना मीटर जो करंट सोडतो त्याने बॅग फुटू शकते.

दिवे लागलेले असताना गाडी चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एबीएसचे संदेश थांबले की अनेक गाड्या रिजनरेटिव्ह ब्रेकिंग बंद करतात, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही, आणि ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात. एअरबॅगचा दिवा लागला असेल तर अपघातात बॅग उघडेल याचा भरवसा नाही, आणि अपघात झाल्यावर हाय व्होल्टेज बॅटरीचा संपर्क तोडण्याचा निरोपही अनेक गाड्यांत त्याच मॉड्यूलकडून जातो. घरची माणसं बसवून अशी गाडी घाटात नेऊ नका.

सर्व्हिस सेंटरला एवढंच सांगा: एबीएसच्या प्लगवरचे ओहम, सप्लाय आणि अर्थचा ड्रॉप जॉब कार्डवर लिहून द्या. शक्यतो गाडी ओली असताना, दिवे लागलेले असतानाच, पण चालवत न नेता टो करून घेऊन जा. ते आकडे आणि पूर्ण स्कॅनची यादी हातात आली की इथेच टाका, मी बघून सांगतो.