शेजाऱ्याच्या बोअरला पाणी, माझा ३०० फूट कोरडा. असं कसं?

जमिनीखाली नदी वाहते, हा समज आधी सोडा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. हा दगड अखंड असला की स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (सच्छिद्र, मऊ खडकात) आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात किंवा भेगांत. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, भेग सापडली की उताराकडे सरकतं. तेही मुंगीच्या पावलांनी.

सहा इंचाचं बोअर म्हणजे सुईनं शिरा शोधणं. शेजाऱ्याचं भेगेला लागलं, तुमचं दोन हातांवरून अखंड पाषाणात गेलं. बोअर मारताना नुसती कोरडी राखाडी भुकटी उडत असेल, तर पुढचे १०० फूट म्हणजे बहुतेक वेळा पैशांचा धूरच.

म्हणूनच इथे रुंद विहीर बरी: चारही बाजूंचे झरे रात्रभर पाझरतात, सकाळी मोटर चालते. विहीर जुनी असेल तर तळाशी आडवे बोअर मारून बघा, बाजूची एखादी भेग हाती लागते. हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा आसपासच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी विचारत फिरा.