नाडी, रजई आणि खांद्याचं ऑपरेशन

"ऑपरेशन छान झालं असं डॉक्टर म्हणतात. मग माणूस असा का झालाय?" खांद्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरची माणसं आम्हा समुपदेशकांकडे हा प्रश्न घेऊन येतात. पेशंट क्वचितच येतो. इथेही आधी बायको आली. तिला माई म्हणू, त्यांना आबा. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

आबा अठ्ठावन्न वर्षांचे, दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. पावसाळ्यात बांधावरून घसरून उजव्या हातावर पडले आणि खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटली. नोव्हेंबरअखेर दुर्बिणीतून शिवली. फिजिओथेरपी नाशकात सोयीची, म्हणून दोघं गंगापूर रोडला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आबा जेवण टाकत होते, कोणी बोललं की खेकसत होते, आणि रात्री खुर्चीत बसून राहत होते. "पूर्वीसारखा हात होणारच नाही" हे वाक्य दिवसातून चार वेळा. मुलाने "बाबा, आराम करा" म्हटलं की उठून गॅलरीत जायचे.

उदास माणसाला धीर देण्याआधी त्याची रात्र बघावी लागते. नाहीतर सगळा धीर झोपेच्या खड्ड्यात जातो. म्हणून पहिल्या भेटीत उपदेश काही दिला नाही, दोनशे पानी वही दिली. चार रकाने: कधी जाग आली, का, किती वेळ, परत झोप कशी लागली. लिहायचं माईंनी, सांगायचं आबांनी. सात रात्री.

वही आली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. बहुतेक रात्री तीनच्या सुमारास जाग. गोळी नऊला घेतलेली, तिचा असर तोपर्यंत उतरलेला, आणि गारठाही तोपर्यंत वाढलेला. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर गेला की नाशिक शहरातही पहाट बोचते. थंडीत माणूस नकळत खांदे कानाजवळ ओढून घेतो, त्यात हात गळ्यात अडकवणाऱ्या पट्ट्याचा भार मानेवर. आबांचं अर्धं दुखणं शिवलेल्या जागेचं नव्हतंच, मान आणि पाठीच्या वरच्या स्नायूंचं होतं.

वहीत आणखी एक गोष्ट होती, ती माईंनी बारीक अक्षरात लिहिली होती. संध्याकाळी पाचनंतर आबा पाणी पीत नव्हते. का, हे विचारल्यावर आबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"लघवीला उठलं की हिला उठवावं लागतं. पायजम्याची नाडी एका हाताने सुटते, बांधता येत नाही. माणसाने किती वेळा बायकोला उठवायचं?"

आठ-दहा दिवस पाणी कमी, त्यात वेदनाशामक गोळ्या. बद्धकोष्ठ, डोकं जड, भूक नाही. घरचे याला 'मनावर घेतलंय' म्हणत होते. त्याच संध्याकाळी इलॅस्टिकचे तीन पायजमे आले, एक साइज मोठे. समुपदेशनात इतकं स्वस्त औषध क्वचित सापडतं.

बाकीची रात्रही अशीच एकेक करून लावली. गोळीची वेळ सर्जनना विचारून झोपण्याच्या वेळेला सरकवली. डोस स्वतःहून वाढवायचा नाही, हे बजावून सांगावं लागलं. सपाट झोपणं बंद. पाठीमागे उशा एकावर एक लावून उतार केला, गुडघ्यांखाली एक उशी, नाहीतर रात्रभर अंग खाली घसरतं. मग चादरीची जाड घडी कोपराखाली. फिजिओ यासाठी एक सोपी खूण सांगतात: झोपल्या झोपल्या आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दंड पाठीच्या रेषेमागे गेला आहे आणि शिवण ताणली जाते आहे.

जड रजई काढायला लावली तेव्हा माईंना ते पटलं नाही. एवढ्या थंडीत? पण रजई खाली सरकली की झोपेत माणूस ती सवयीच्या हाताने ओढतो, आणि आबांचा सवयीचा हात उजवा. दोन हलकी ब्लँकेटं, कानटोपी, पायमोजे, एवढ्यात भागलं. ब्लँकेटची कड डाव्या हाताला येईल अशी ठेवली.

कपड्यांचा नियम एकच, पण घरोघर उलटा केला जातो. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. डोक्यातून घालायचा स्वेटर महिना-दीड महिना कपाटात. पुढून बटणं असलेला, सैल बाह्यांचा सदरा किंवा स्वेटर, त्यावर पट्टा, त्यावर शाल. कपडे बदलताना हात सैल सोडून पोटाशी ठेवायचा, बाही त्याच्यावर चढवायची. हात बाहीत घुसवायचा नाही.

पहाटे पाचची अंघोळ ही आबांची चाळीस वर्षांची सवय. ती अकरावर आणताना जरा वाद झाला. टाके निघाले होते, पाणी लागलं तरी चालेल असं सर्जननी सांगितलं होतं. स्टुलावर बसून डावा हात गुडघ्यावर टेकवायचा, कंबरेतून पुढे वाकायचं आणि उजवा हात सोंडेसारखा आपोआप लोंबू द्यायचा. काख तेवढी उघडते. हात उचलून साबण लावायचा नाही. मग सुती फडक्याने काख टिपून कोरडी करायची, घासायची नाही. थंडीतही पट्ट्याखाली घाम साचतो आणि तिथे बुरशी धरते. ही खाज आबांना चार दिवस होती, लाजेने बोलले नव्हते.

अंघोळीने अंग सैल झालं की लगेच व्यायाम. थंड अंगाने केला की दुखतो, आणि दुखला की दुसऱ्या दिवशी टाळला जातो. कोपर वाकवणं-सरळ करणं, मनगट फिरवणं, मूठ उघडणं-मिटणं, प्रत्येकी दहा, दिवसातून चार-पाच वेळा. कोपर आणि बोटं शिवलेली नाहीत, पण पट्ट्यात पडून तीही आखडतात. खांद्याची हालचाल मात्र फिजिओने दाखवली तेवढीच. कंडरा किती फाटली होती त्यावर ते ठरतं, शेजाऱ्याच्या व्यायामावर नाही. गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून मानेला आणि पाठीला चालते, टाक्यांच्या जागेवर नको. व्यायामानंतर खांदा ठणकला तर तिथे बर्फच, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. 'थंडीत बर्फ?' म्हणून बहुतेक घरं हे बंद करतात. बाकी अंगावर शाल घ्यावी आणि हातात चहा. गावाकडून मालिशवाल्याचा निरोप आला होता. त्याला स्पष्ट नाही.

आबांना साखर आहे. साखर वर राहिली की खांदा जास्त आखडतो, जखमही उशिरा भरते, म्हणून चालणं थांबवून चालणार नव्हतं. पहाटेच्या अंधारात, पट्ट्यात हात बांधून, दवाने ओल्या रस्त्यावर मात्र नाही. तोल गेला की माणूस बांधलेला हातच पुढे करतो. ऊन आल्यावर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लेस नसलेले बूट घालून. एक फायदा न मागता झाला. तंबाखू मळायला दोन हात लागतात. निकोटिनने कंडरा उशिरा सांधते हे कळल्यावर आबांनी नातवाला चुना मळायला सांगणं बंद केलं.

आता मूळ प्रश्न, हात पूर्वीसारखा होईल का. 'होईल हो' हे उत्तर आबांनी वीस जणांकडून ऐकलं होतं. त्यांना तारखा हव्या होत्या, म्हणून सर्जनच्या कागदावरचे आठवडे बागेच्या हिशेबात बसवले. सहा आठवडे पट्टा, म्हणजे संक्रांतीच्या आधीपर्यंत. मग स्वतःच्या ताकदीने हात उचलायला सुरुवात. बारा आठवड्यांनी, म्हणजे ऐन काढणीत, हलक्या वजनाचे व्यायाम. क्रेट तेव्हाही नाही. एप्रिलची खरड छाटणी, मांडवाखाली हात वर करून, यंदा दुसऱ्याने करायची. ऑक्टोबर छाटणीला कात्री धरण्याची आशा रास्त. हे ऐकून आबा पहिल्यांदा सरसावून बसले. एप्रिल हातचा गेला याचं दुःख त्यांना झालं, पण ते मोजता येण्यासारखं होतं.

एक धोका मुद्दाम सांगून ठेवला. दुखणं थांबतं लवकर, कंडरा हाडाला धरते उशिरा. संक्रांतीच्या सुमारास हात 'बरा वाटतो' आणि माणूस बादली उचलतो. पुन्हा फाटायची भीती त्या दिवसांत मोठी.

मुलाला वेगळं बसवलं. 'आराम करा' ऐकून आबांना काय ऐकू येत होतं ते त्यांच्याच शब्दांत: "आता तुमची गरज नाही." बागेत विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, उरकलेली, मणी फुगायला लागलेले, कडाका वाढला की मणी तडकायची धास्ती, आणि मालक चौथ्या मजल्यावर. मग कामं ठरली. टेबलावर हात टेकवून, पट्टा न काढता लिहायला सर्जनची परवानगी होती. निर्यातीच्या मालाला फवारणीची नोंद चोख लागते: औषध, प्रमाण, तारीख, काढणीपूर्वी किती दिवस सोडायचे. ती वही आबांकडे आली. सकाळी आठला बागेतल्या माणसाचा व्हिडिओ कॉल, घड जवळून दाखवायचा. पहाटे ठिबक कधी सोडायचं हे आबाच सांगणार. घरात तीन कामांना न मागता मदत करायची: पट्टा, पाठ पुसणं, नखं. बाकीची आबा डाव्या हाताने करणार, पोहे सांडले तरी कोणी चमचा हातातून घ्यायचा नाही.

आम्ही थेटही विचारलं होतं, जगणं नको वाटतं का. हा प्रश्न टाळायचा नसतो, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. आबा म्हणाले, "जावंसं वाटतं ते मळ्यात." एवढं करूनही दोन आठवडे दिवसभर उदासी आणि अन्नावरची वासना उडालेली राहिली असती, किंवा मरणाचे विचार असते तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांक आहे. आणि ताप, टाक्यांतून स्राव, बोटं निळी वा बधिर, पोटरीला सूज, अचानक धाप, हे मनाचे प्रश्न नव्हेत. तेव्हा थेट दवाखाना.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माई वही परत घेऊन आल्या. शेवटच्या पानावर अक्षर आबांचं होतं, वाकडं, उजव्या हाताचं. 'जाग: एकदा. कारण: सोसायटीतलं कुत्रं. पाणी प्यालो. हिला उठवलं नाही.'