सोमवारी तिची खुर्ची तुमच्या टेबलाशी घ्या

पत्र: मी कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत अकाउंट्स सांभाळते. मेअखेर 28 वर्षं होतील. 31 मेला मला 58 पूर्ण होतात (दाखल्यावर 1 जून आहे) आणि तिथेच थांबायचं मनात आहे. आमच्याकडे निवृत्तीचं वय असं काही नाही, जमेल तोवर माणसं येतात. थोरल्या मालकांनी मला घेतलं, आता धाकटे मालक बघतात. आत्ता डिसेंबरातच सांगितलं तर एप्रिलची पगारवाढ जाईल, कदाचित लगेच जा म्हणतील. उशिरा सांगितलं तर खाल्ल्या मिठाला जागले नाही असं होईल. सगळं माझ्यावरच आहे, भाचीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हाही मी फोनवर बँकेचा ओटीपी सांगत होते. दोन वर्षांपूर्वी हाताखाली एक मुलगी दिली आहे, हुशार आहे, पण जीएसटी आणि बँक अजून माझ्याकडेच ठेवलंय, मुद्दामच. मालकांना कधी सांगू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ‘मुद्दामच’पाशी अडले. मालकांना काय वाटेल याचा तुम्ही एवढा विचार केलात, आणि त्या मुलीच्या वाट्याला एक ओळ आली. तिचं नावसुद्धा लिहिलं नाहीत.

मी एकेकाळी ती मुलगी होते. पहिली नोकरी, वय 22. आमच्या सीनिअर बाई कॅशबुक लिहिताना डावा हात पानावर आडवा धरायच्या. मी शेजारी उभी राहिले की तो हात आणखी वर सरकायचा. दीड वर्ष मी व्हाउचरना भोकं पाडली, टॅग बांधले, बँकेत स्लिपा भरल्या. बाई वाईट नव्हत्या हो. रोज डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढायच्या. पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्या आजारी पडल्या, आणि सगळ्या ऑफिससमोर मला विचारलं गेलं, “दीड वर्षं इथे बसून शिकलीस काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांत मी ती नोकरी सोडली. आज मी बाईंच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे, पण तो आडवा हात विसरलेले नाही. म्हणून तुमच्यावर चिडून लिहिते आहे, आणि ते लपवत नाही.

तुम्ही हे का केलंत ते मला कळतं. दुसऱ्या कुणाला येत नाही तोवर आपल्याला कुणी उठवणार नाही, हा हिशेब आपल्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी नोकरीत मांडला, कारण पाठीशी दुसरं कुणी नव्हतं. पण आता तुम्हालाच उठायचं आहे आणि उठता येत नाही. कधी सांगू या प्रश्नानं तुमची झोप उडाली आहे ती त्यामुळेच. त्या मुलीला सगळं येत असतं तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं, चहाच्या वेळी सहज आत जाऊन सांगून आला असतात.

पैशांची भीती आधी बाजूला करू. 28 वर्षांची ग्रॅच्युइटी ही मालकांची मेहरबानी नाही. ती कायद्यानं तुमची आहे, आणि नोकरी सुटल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, तोही शेवटच्या बेसिक आणि डीएवर (म्हणजे महागाई भत्त्यावर), भागिले 26, कारण कायदा महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतो. समजा ही रक्कम 26,000 असेल, तर वर्षाला 15,000 आणि 28 वर्षांचे 4,20,000. उद्याच जा म्हणाले तरी आजवर कमावलेलं त्यांना काढून घेता येत नाही. पीएफची पेन्शन 58ला पूर्ण मिळते, आधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कापतात, म्हणजे तारीख तुम्ही योग्यच धरली आहे. फक्त ती 1 जून (आपल्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राला गुरुजींनी हीच तारीख दिली आहे) आधारवर आणि पीएफच्या नोंदीत सारखीच आहे ना, ते आज रात्री बघून घ्या.

पगारवाढीचं म्हणणं मात्र खरं आहे. बेसिक 1,300नं वाढलं तर ग्रॅच्युइटी 21,000नं वाढते. ते पैसे सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी मेपर्यंत तोंड मिटून बसू नका. समोर बसून मागा, “एप्रिलची वाढ मला हवी आहे, मी मेअखेरपर्यंत पूर्ण काम करणार आहे.” 28 वर्षांत एकदा तरी असं मागायला हवं होतंत.

आणि धाकटे मालक दचकतील याची काळजी मला वाटत नाही. सगळी बँक एका बाईच्या मोबाइलवर सोपवून ते निर्धास्त राहिले, हा त्यांचा निष्काळजीपणा आहे. त्याचं ओझं तुम्ही वाहू नका.

तेव्हा सांगायचं ते याच सोमवारी. नेमणूकपत्रात नोटिशीचा एक महिना लिहिला असेल तर असू दे, त्या मुलीला एक महिना पुरणार नाही. 7 तारखेचा टीडीएस, 11ची जीएसटीआर-वन (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15चा पीएफ, 20ची थ्री-बी (जीएसटी भरायचं रिटर्न), हे चक्र तिच्या हातून चार-पाच वेळा फिरलं पाहिजे. पहिल्या महिन्यात तुम्ही करा, ती बघेल. दुसऱ्या महिन्यापासून माउस तिच्या हातात, आणि ती चुकली तरी तुम्ही तो ओढून घ्यायचा नाही. मार्चएंडिंग तिनं तुमच्यासोबत एकदा तरी काढायला हवं, देणेकऱ्यांचे फोन, जुळत नसलेली जॉबवर्कची चलनं, रात्री नऊपर्यंतचं बसणं, सगळ्यासकट. शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची मुदत 31 मे असते, नेमका तुमचा शेवटचा दिवस. ते रिटर्न तिनं भरावं आणि तुम्ही शेजारी बसून बघावं, एवढं माझ्यासाठी करा.

आत जाण्याआधी तिला बाहेर बोलवा आणि सांगा, “दोन वर्षं मी तुला शिकवलं नाही, ते मुद्दाम होतं, चुकलं माझं.” हे मालकांना सांगण्यापेक्षा अवघड जाईल. तरी आधी हेच.

मग दोन कागद घेऊन आत जा. एक तुमचं पत्र, चार ओळींचं, त्यात 31 मे ही तारीख. दुसरा बँकेचा अर्ज, ओटीपीसाठी नोंदवलेला तुमचा मोबाइल नंबर काढून तिथे मालकांचा घालण्याचा. त्यावर त्यांची सही लागेल, आणि सही करताना ते विचारतीलच की हे कशासाठी. तेव्हा पहिला कागद पुढे करा.