हक्काचे पैसे आणि एफ-१ व्हिसा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं विद्यापीठ बास्केटबॉलसाठी तुला जे पैसे देऊ करतंय, त्या कराराचा तू पाठवलेला मसुदा काल रात्री नीट वाचला. सही करू की नको, एवढंच तू विचारलं आहेस, म्हणून उत्तर आधीच देते: अजून करू नकोस. याचा अर्थ पैसे नाकार असा नाही. ते तुझ्या हक्काचे आहेत, त्याबद्दल मनात किंतू आणू नकोस. पण तू एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस आणि हा मसुदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर अमेरिकन नागरिक असलेल्या मुली होत्या.

आधी तुझ्या बाबांबद्दल. "फी माफ आहे, राहणं-जेवण आहे, वर खेळायचे पैसे कशाला?" असं ते म्हणतात. नागपुरात पदरचे पैसे घालून बूट घेतलेल्या, एसटीने स्पर्धेला गेलेल्या माणसाला असं वाटणारच. त्यांना आकडे दाखव. पुरुषांच्या मार्च मॅडनेसचे, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे, प्रक्षेपण हक्क सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांनी २०१० साली चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला घेतले. २०१६ मध्ये त्यात आणखी आठ वर्षं आणि ८.८ अब्ज डॉलरची भर पडली, म्हणजे हा करार २०३२ पर्यंत चालणार आहे. या पैशातून कोचचे पगार वाढले, नवी स्टेडियम्स उभी राहिली. ज्यांचा खेळ बघायला लोक टीव्हीपुढे बसतात त्यांना मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायला बंदी होती. २०१४ मध्ये यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठाला) विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर त्याच स्पर्धेच्या दिवसांत पत्रकारांना सांगत होता, की काही रात्री मी उपाशी झोपतो. बाबांना एवढं एक उदाहरण पुरे होईल.

हा पैसा विद्यापीठांनी आपणहून दिलेला नाही. १९९५ साली यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून विजेतेपद जिंकलेल्या एड ओबॅननला कित्येक वर्षांनी एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला. तीच अंगकाठी, तीच डावखुरी फेक, तोच नंबर. गेम विकला जात होता आणि त्याला छदाम मिळत नव्हता. २००९ मध्ये तो कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेविरुद्ध कोर्टात गेला, आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. मग २०२१ मध्ये ऑलस्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएएला चपराक लगावली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमवायची मोकळीक मिळाली, ज्याला तुम्ही सगळे एनआयएल म्हणता. शेवटी एनसीएएविरुद्धचाच हाउस खटला. त्यातला पहिला वादी ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस, आणि त्याच्याबरोबर ओरेगनकडून खेळलेली सेडोना प्रिन्स. ६ जून २०२५ रोजी त्याच विल्केनबाईंनी त्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तुझ्या हातातला कागद इथून आला आहे.

सेडोना प्रिन्स हे नाव लक्षात ठेव. २०२१ मध्ये सॅन अँटोनियोला महिलांची स्पर्धा होती तेव्हा तिने मोबाइलवर एक व्हिडिओ काढून टाकला. पुरुषांसाठी अख्खी व्यायामशाळा सजवलेली, आणि चौसष्ट महिला संघांसाठी डंबेल्सची एक छोटी घडवंची. जागा नव्हती असं कारण दिलं गेलं, तर तिने कॅमेरा फिरवून शेजारची रिकामी जागा दाखवली. हे तुला सांगायचं कारण, वाटपात तीच मनोवृत्ती अजून दिसते. अनेक मोठ्या विद्यापीठांनी धरलेलं ढोबळ गणित असं: अमेरिकन फुटबॉलला ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५ आणि बाकी सगळ्या खेळांना मिळून ५. नव्या शिष्यवृत्त्यांचा भाग वजा करून वाटायला १ कोटी ८० लाख डॉलर उरले असं धर. पुरुषांच्या संघातल्या पंधरा जणांना सरासरी १ लाख ८० हजार पडतात आणि तुम्हा पंधरा जणींना ६० हजार. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाख लोकांनी. मला हे वाटप अन्यायाचं वाटतं आणि ते मी कुणापुढेही म्हणेन. काही महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटपाविरुद्ध अपील केलं, ते योग्यच केलं. तेव्हा तुला देऊ केलेली रक्कम म्हणजे कुणाचा उपकार आहे असं समजून बोलणी करू नकोस. एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगचे खेळाडू तिच्या बास्केटबॉल उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा घेतात. तुमची मर्यादा मोठ्या विद्यापीठांच्या सरासरी उत्पन्नाच्या २२ टक्क्यांवर बसवली आहे, आणि ती सगळ्या खेळांना मिळून.

आता मला खरी काळजी आहे ती गोष्ट. पैसे मिळू लागले तरी तू विद्यापीठाची कर्मचारी ठरत नाहीस. १९५५ मध्ये कोलोरॅडोतला एक कॉलेज फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगार भरपाई मागितली, आणि १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कामगार नव्हता म्हणून ती नाकारली. २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं, पण वर्षअखेरीस युनियनचा अर्ज मागे घ्यावा लागला. म्हणजे युनियन नाही, किमान वेतन नाही, दुखापतीची कायदेशीर भरपाई नाही. जे काही संरक्षण आहे ते करारात लिहिलेलं असेल तेवढंच. तुझ्या मसुद्यात दुखापतीच्या कलमात "संघाच्या कामी येण्यास असमर्थ ठरल्यास" पैसे थांबवण्याचा अधिकार विद्यापीठाकडे आहे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे तुझे फिजिओ तुला सांगतातच. यूकॉनची खेळाडू पेज ब्यूकर्स हिचा २०२२-२३ चा अख्खा मोसम त्यात गेला. ती परतली, २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिली निवडली गेली. असं एक वर्ष तुझ्यावर आलं तर या कलमाने तुझा हात रिकामा राहील. खेळताना किंवा सरावात झालेल्या दुखापतीत पूर्ण रक्कम चालू राहील, असं लेखी मागून घे. कोचने तोंडी दिलेला शब्द चांगल्या मनाने दिलेला असेल, पण कोच दुसरीकडे जातात आणि कागद तिथेच राहतो.

दुसरं कलम संघ सोडण्याचं. पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेलीस तर मिळालेल्या पैशातला भाग परत करायचा, असं त्यात आहे. केलेल्या कामाचे पैसे परत मागणं मला पटत नाही. फार तर पुढचे थांबावेत. आणि नाव-चेहरा वापरायची परवानगी तू तिथे असेपर्यंतच हवी. मसुद्यात मुदतच घातलेली नाही.

व्हिसाचं मात्र सगळ्यात आधी. एफ-१ वर कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. तुझ्या नावाच्या वापराबद्दल विद्यापीठाने दिलेले पैसे ही नुसती रॉयल्टी की कामाचा मोबदला, यावर इमिग्रेशन वकिलांचं एकमत नाही. केंटकीचा ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा. २०२२ मध्ये तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, तरी जाहिरातींचं काम करायला संघाच्या बहामाच्या दौऱ्याची वाट बघावी लागली. ते काम त्याने अमेरिकेबाहेर उरकलं. एवढ्या मोठ्या खेळाडूला जपून पावलं टाकावी लागली, तर तुला किती जपायला हवं ते बघ. परवानगीशिवाय काम केल्याचा ठपका बसला तर शिष्यवृत्ती, पदवी आणि पुढचा प्रत्येक व्हिसा, सगळंच अडचणीत येईल. विद्यापीठाचा वकील विद्यापीठाचं हित बघतो. डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकारी, कितीही प्रेमळ असल्या तरी त्याही विद्यापीठाच्याच नोकरीत आहेत. तुला स्वतःचा इमिग्रेशन वकील हवा आणि त्याचं मत लेखी हवं. त्या फीची सोय मी करते, तू कमवायला लागल्यावर फेड.

इन्स्टावर तुला गाठणाऱ्या त्या एजंटला तूर्त काही कळवू नकोस. एनबीएमध्ये एजंटला जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात. कॉलेजच्या करारांना देशभर लागू होणारी अशी मर्यादा नाही, आणि वीस टक्के मागणारे मी पाहिले आहेत.

कर हा माझा रोजचा धंदा, म्हणून थोडक्यात सांगते. तू करासाठी अजून अनिवासी आहेस, तेव्हा तुझ्या मैत्रिणी भरतात तो फॉर्म तुझा नव्हे. तुझा १०४०-एनआर, अनिवासींचा. अशा रकमेवर विद्यापीठ ३० टक्के आधीच कापू शकतं, मग त्या कपातीचा १०४२-एस हा दाखला देतं. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भागसुद्धा करपात्र असतो. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. ती मी सोडणार नाही. कर भरण्याच्या गेल्या मोसमात एक अमेरिकन खेळाडू मुलगा माझ्याकडे १०९९ हा मिळकतीचा फॉर्म घेऊन आला. वर्षभराचे पैसे गाडीच्या हप्त्यात आणि मित्रांच्या जेवणावळीत संपले होते, आणि कराला एक डॉलर बाजूला नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोराला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुझे पैसे आले की निम्मे वेगळ्या खात्यात जातील, असं आपण दोघी मिळून ठरवू.

वाटाघाटी करताना भीड ठेवू नकोस. करारात बदल मागितले तर तुझी जागा जाईल असं तुला वाटतंय, ते तुझ्या शब्दाशब्दांत दिसलं. वकील दाखवायला वेळ मागितला म्हणून ज्यांनी तुला नागपूरहून बोलावून घेतलं ते तुला काढणार नाहीत. आणि तेवढ्यावरून जे काढतील त्यांच्याकडे गुडघा मोडल्यावर काय होईल, ते आत्ताच कळलेलं बरं.

आजच ॲथलेटिक विभागाला दोन ओळींचा मेल टाक: करार मिळाला, माझा वकील वाचतोय, दोन आठवड्यांत कळवते. त्यात पैशाबद्दल काहीही लिहू नकोस. तुझ्या आय-२० ची (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशपत्राची) आणि व्हिसाच्या पानाची प्रत मला पाठव, वकिलाला लागेल. बाबांशी मी रविवारी बोलते, तुमच्या रात्रीच्या जेवणानंतरची त्यांची वेळ मला ठाऊक आहे.

तुझी,
मावशी