पहिल्यांदा विकिमेनियाला जाताना

विकिमेनियाला, म्हणजे विकिपीडिया आणि त्याच्या सहप्रकल्पांच्या जागतिक संमेलनाला, निघालात? अभिनंदन! सगळी सत्रं गाठायची धडपड करू नका. बरीचशी चित्रित होतात, नंतर निवांत बघता येतात. माणसं मात्र तिथेच भेटतात, चहाच्या रांगेत आणि हॅकेथॉनच्या (एकत्र बसून कोड लिहिण्याच्या) टेबलाशी. "मराठी विकिपीडियावर लिहितो" एवढ्यावर थांबू नका. अडलेला साचा (अनेक पानांवर वापरायचा तयार तुकडा) लॅपटॉपवर उघडून दाखवा. शेजारी बसलेला तमिळ किंवा बंगाली संपादकही बहुधा त्याच्याशीच झगडलेला असतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ओळखपत्रावर सदस्यनाव लिहीत नाहीत. लोक तुम्हाला त्याच नावाने ओळखतात!
- न विचारता फोटो काढतात. काहींना तो नको असतो, आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवलेलं चित्र कुणीही वापरू शकतं.

नोंदणीच्या टेबलावर तासभर मदतीला उभे राहा, ओळखी आपोआप होतात. सादरीकरणाचं पुढच्या वर्षी बघू.