पासवर्ड माझा, पण बोटं दुसऱ्याची

"मी काही केलेलं नाही, पण माझा पासवर्ड दुसऱ्याकडे आहे. उद्या काही निघालं तर मी अडकेन का?" बँका, पतसंस्था, विमा कार्यालयं इथली माणसं हे मला नेहमी विचारतात. आधी तक्रार ॲसिडिटीची किंवा झोपेची असते, मूळ गोष्ट उठता उठता बाहेर येते.

तसाच एक तिशीतला पासिंग ऑफिसर आला होता, तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत असलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकाने एन्ट्री करायची, दुसऱ्याने पास करायची, हा तिथलाही मेकर-चेकरचा नियम. पण शाखेत माणसं कमी. हा जेवायला गेला किंवा रजेवर असला की काउंटरवर रांग थांबायची, म्हणून याने पासवर्ड दादांना दिला. दादा म्हणजे ज्येष्ठ क्लार्क. त्यांनीच याला काम शिकवलं, याच्या वडिलांना खांदा दिला. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलावा लागे. मग व्हॉट्सॲपवर नुसता आकडा जायचा: "या वेळी ०७."

एकदा जुन्या नोंदी चाळताना त्याला दिसलं, की एका म्हाताऱ्या खातेदाराचं कित्येक वर्षं निष्क्रिय असलेलं खातं अचानक चालू झालंय. मोबाइल नंबर बदललेला, पैसे काढलेले. पास करणारा युझर आयडी याचाच, आणि त्या दिवशी हा मेव्हणीच्या लग्नात.

"पंजाब नॅशनल बँकेचं वाचलंय ना, मॅडम?" तो पुन्हा पुन्हा म्हणे. २०१८ मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतला तो घोटाळा उघड झाला. स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून, हमीचे संदेश बाहेर जात होते आणि बँकेच्या मुख्य प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. रक्कम तेरा हजार कोटींच्या वर गेली. याच्या शाखेतली रक्कम त्यापुढे किरकोळ, पण भीती तीच. संगणकाला आयडी कळतो, खुर्चीत कोण बसलंय ते कळत नाही.

त्याला आधी दादांना सावध करायचं होतं. मी स्पष्ट विरोध केला. नोंदींशी छेडछाड झाली, तर तोही त्यात ओढला गेला असता. मग विचारलं, "दादांना वाचवायचंय, की त्यांना तोंड द्यायचं टाळायचंय?" बऱ्याच वेळाने म्हणाला, "तोंड."

पासवर्ड कुणालाही देऊ नका, ही पाटी प्रत्येक शाखेत असते. बापाला खांदा देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. चार माणसांचं काम दोघांवर टाकायचं आणि वर पाटी लावायची, याचा मला रागच येतो.

कायद्याचं मी वकिलावर सोडते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पासवर्ड देणाऱ्याला बँकेच्या शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरं जावं लागतंच, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही. त्याच दिवशी पासवर्ड बदलायला सांगितला. वकिलाला दाखवून मुख्य कार्यालयाला लेखी कळवायचं, सोबत रजेचा अर्ज जोडायचा. व्हॉट्सॲपवरचं काही पुसायचं नाही. आणि पुरावा म्हणून खातेदाराच्या नोंदींचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर मुळीच काढायचे नाहीत, त्यातून नवंच प्रकरण उभं राहतं.

पत्र तीनदा फाडून त्याने चौथं पाठवलं. चौकशीत रजेची नोंद आणि एन्ट्री कुठल्या संगणकावरून पास झाली ते जुळलं. दादा निलंबित झाले, याला मेमो मिळाला, एक वेतनवाढ थांबली. झोप हळूहळू परत आली.

आता दादांच्या बायकोचे फोन येतात, तो उचलत नाही. तिच्याशी काय बोलायचं आणि चौकशी संपेपर्यंत काय अजिबात बोलायचं नाही, हे आम्ही सध्या कागदावर लिहून काढतोय.